‘या बरणीत काहीही नाही’ अशी पाटी लावावी का?

माझा मुलगा आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने तीन लिटरची जाड ॲक्रिलिकची बरणी मिळवली आहे. झाकणाला तोटी आणि तबकडीचा दाबमापक आहे, जोडीला हातपंप. बरणीतली हवा काढायची आणि बाहेर पाटी लावायची, ‘या बरणीत काहीही नाही’. पाटी वाचून माझा दादा म्हणाला, “काहीही नाही, तर दाखवतोस काय रे? जे नाही ती वस्तू नाही, आणि जी वस्तू नाही ती प्रदर्शनात मांडता येत नाही.” ह्यांचं म्हणणं अगदी उलट. निर्वात ही वस्तूच, कारण तिच्यात जोर असतो, ती ओढते. रबरी कप फरशीला चिकटतो तो तिच्यामुळेच. दोघंही मागे हटत नाहीत आणि मुलगा मध्ये अडकलाय. तीन आठवडे उरलेत. पोकळीला वस्तू म्हणायचं की नाही? आणि पाटीवर लिहायचं काय?
– एक आई

पाटी बदला. तुमचे दादा म्हणतात त्या कारणासाठी नव्हे. ती साध्या मोजमापातच चुकते. असल्या हातपंपाने बरणीतला दाब फार तर १०० ते १५० मिलीबारपर्यंत उतरतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ मिलीबार असतो. म्हणजे मुलाचा हात भरून आला तरी निदान दहावा हिस्सा हवा आतच राहणार. साध्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं मांडावीत इतके रेणू असतात. त्या हिशेबाने तीन लिटरच्या बरणीतली नव्वद टक्के हवा काढल्यावरही ७५ वर २० शून्यं इतके रेणू उरतात. ‘काहीही नाही’ म्हणायला ही गर्दी जरा जास्त होते.

आता भांडणाचं मूळ. तुमच्या घरात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने वावरताहेत. ‘निर्वात’ हा शब्द फोडून पाहा: वात नसलेलं. तो एवढंच सांगतो की हवा नाही. प्रकाश नाही, उष्णता नाही, चुंबकाचा परिणाम नाही, असं तो कुठेच म्हणत नाही. ‘पोकळी’ म्हणजे कशाने तरी वेढलेली रिकामी जागा. तिला आकार असतो, मापता येते, आणि भिंती काढून घेतल्या की पोकळीही गेली. तिसरं ते ‘काहीच नाही’: वस्तू नाही, हवा नाही, प्रकाश नाही, जागासुद्धा नाही. तुमचे यजमान पहिल्याबद्दल बोलताहेत, दादा तिसऱ्याबद्दल, आणि मुलाच्या हातात आहे ती दुसरी, तीही अर्धवट रिकामी.

तसं पाहिलं तर या बाबतीत मराठी भाषा माणसाला सावध करते. ‘बरणीत काही नाही’ या वाक्यात नकार क्रियापदात आहे. ‘नाही’ नावाचं काहीतरी बरणीत ठेवलंय असं ते वाक्य ऐकून कुणालाही वाटत नाही. घोळ होतो तो त्या नकाराचं नाम केल्यावर. शून्यता, अभाव, पोकळी. एकदा नाम झालं की त्याला विभक्ती लागते, विशेषण लागतं, आणि मग प्रत्येक शोकसभेत एक ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ निर्माण होते, जणू कुणी ती बनवून आणली आहे.

दादांचं म्हणणं, म्हणजे जे नाही ते वस्तू नाही, हे नवं नाही आणि उथळही नाही. यावर आपल्याकडे कित्येक शतकं कसून वाद झालेला आहे. वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या विचारवंतांनी जगाची वर्गवारी केली ती द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय अशा सहा पदार्थांत. (पदार्थ म्हणजे पदाने ज्याचा निर्देश होतो ते.) पुढच्या आचार्यांनी त्यात सातवा पदार्थ घातला, अभाव. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथात सातांचीच यादी मिळते. त्यांचं नेहमीचं उदाहरण जमिनीवर नसलेल्या घटाचं. ‘जमिनीवर घट नाही’ हे ज्ञान खरं असतं, तर ते कशाचं तरी ज्ञान असायला हवं. ज्याचं, तो घटाभाव. मात्र अभाव त्यांनी कधी मोकळा सोडला नाही. प्रत्येक अभावाला दोन खुंट्या: ज्याचा अभाव तो प्रतियोगी, आणि जिथे अभाव ते अधिकरण. घट हा प्रतियोगी, जमीन हे अधिकरण. यांतली एक खुंटी काढली की वाक्य कोसळतं. नुसता ‘अभाव’ त्यांच्या हिशेबात बसतच नाही.

याला प्राभाकर मीमांसकांनी, म्हणजे मीमांसा दर्शनातल्या प्रभाकरांच्या अनुयायांनी, आक्षेप घेतला. त्यांच्या मते घटाभाव म्हणून वेगळं काही नाही. आहे ती नुसती मोकळी जमीन. दादा प्राभाकरांच्या बाजूचे आहेत, त्यांना तसं सांगायला हरकत नाही, त्यांना बरं वाटेल. पण त्यांना एक प्रश्न जरूर विचारा. जमीन तर घट असतानाही तीच होती. मग ‘नुसती’ या शब्दाने तिच्यात काय वाढवलं?

तुमच्या मुलाला जे उपयोगी पडेल ते भाट्ट मीमांसकांकडे, म्हणजे त्याच दर्शनातल्या कुमारिल भट्टांच्या अनुयायांकडे, आहे. अभाव कळतो तो न दिसण्यावरून, पण कोणत्याही न दिसण्यावरून नव्हे. वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती अशी सोय असायला हवी. तरच तिचं न दिसणं हा तिच्या नसण्याचा पुरावा. याला योग्य-अनुपलब्धी म्हणतात. अंधारात घट दिसला नाही यावरून घट नाही असं ठरत नाही. हे बरणीला लावा. हवा मुळातच दिसत नाही. तेव्हा भरलेली बरणी आणि उपसलेली बरणी शेजारी ठेवल्या तर पाहणाऱ्याला दोन सारख्याच बरण्या दिसतात, आणि ‘काहीही नाही’ ही पाटी नुसत्या विश्वासावर वाचावी लागते. हवा असती तर जिच्यातून कळली असती अशी एखादी चाचणी शेजारी हवी. मुलाने मांडायचं ते हेच: पोकळी नव्हे, पोकळीची परीक्षा. कशाचा अभाव, कुठे, आणि कशाने तपासला, हे तीन रकाने भरले की दादांची तक्रार उरत नाही.

सर्वात पहिली परीक्षा दाबमापकाची, आणि तिथेच बहुतेकांचा पाय घसरतो. तबकडीवरचा ० म्हणजे रिकामं नव्हे. हे मापक बाहेरच्या हवेशी तुलना करतात. काटा ० वर असताना बरणी हवेने पूर्ण भरलेली असते. पूर्ण निर्वात म्हणजे सुमारे उणे १ बार (एक बार म्हणजे १००० मिलीबार) किंवा उणे ७६० मिलिमीटर पारा. काटा उणे ०.९ बारवर आला तर आत साधारण १०० मिलीबार राहिलेत. शिवाय हे आकडे समुद्रसपाटीचे. दीड हजार मीटर उंचीवर बाहेरचाच दाब ८४५ मिलीबारच्या आसपास असतो, तेव्हा तिथे जगातला सर्वोत्तम पंप लावला तरी काटा उणे ०.८४५ च्या पुढे जाणार नाही. पंप खराब आहे म्हणून तो उघडत बसू नका.

दुसरी परीक्षा वजनाची. आम्हाला विचाराल तर सगळ्यांत पटणारी हीच. २० अंश तापमानाला एक लिटर हवेचं वजन १.२ ग्रॅम. तीन लिटरमधली नव्वद टक्के काढली तर बरणी सुमारे ३.२ ग्रॅमने हलकी व्हायला हवी. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा लागतो, आणि त्याची क्षमता बरणीच्या वजनाहून जास्त हवी. पूर्ण ग्रॅमच दाखवणाऱ्या काट्यावर फरक ३ की ४ या घोळात जातो. हवा काढा, तोटी बंद करा, पंपाची नळी सोडवा, बरणी कोरड्या फडक्याने पुसा, मग ठेवा. वजन लिहा. आता काट्यावरून न उचलता तोटी हळू उघडा. फुस्स आवाज होतो आणि आकडा वर चढतो. पंखा बंद ठेवा; वाऱ्याच्या झोताने आकडा नाचतो. हा प्रयोग फुग्याने किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीने करू नका. पिशवीत भरलेली हवा तिच्याच आकारमानाची बाहेरची हवा बाजूला सारते, त्यामुळे फुगवलेली पिशवी आणि चपटी पिशवी जवळपास सारख्याच भरतात, आणि ‘हवेला वजन नाही’ असं दुसरंच काहीतरी सिद्ध होऊन बसतं. कडक भिंतींची बरणी हवी ती यासाठी.

तिसरी घंटेची. लहान बॅटरीवर चालणारा बझर दोन रबरबँडवर झाकणाला टांगा, बरणीच्या भिंतीला लागता कामा नये. हवा काढत जाल तसा आवाज बारीक होतो. तो पूर्ण थांबत नाही, आणि परीक्षक नेमके यावरच बोट ठेवतात. कारणं दोन. आत दहावा हिस्सा हवा आहे, आणि रबरबँडमधून थरथर झाकणापर्यंत पोहोचतेच. मुलाने हे आधीच सांगून टाकावं. (वैशेषिकांनी शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण मानला होता; या बझरने त्यांना अवघड गेलं असतं.)

आता यांना जोडून एक चौथी, जी सहसा कुणी मांडत नाही. बरणीत एक लहान होकायंत्र ठेवा आणि बाहेरून चुंबक फिरवा. हवा असताना सुई जशी वळते तशीच हवा काढल्यावर वळते. विजेरीचा झोत आरपार जातो. आतल्या वस्तू खालीच पडतात. बझर मंदावला पण सुईला फरक पडला नाही, एवढ्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘निर्वात’ शब्दाचा अर्थ डोळ्यांसमोर येतो: गेली ती हवा, बाकीचं सगळं जिथल्या तिथे. मोबाइल आत टाकून फोन लावून पाहण्याचा मोह मात्र टाळा. लिथियम बॅटरीची पाकिटं कमी दाबात फुगू शकतात.

तुमच्या यजमानांचा मुद्दा एका प्रयोगात मिटतो. निर्वात ओढत असेल तर निर्वात वाढवल्यावर रबरी कप आणखी घट्ट बसायला हवा. तीन सेंटीमीटरचा रबरी कप बरणीच्या आतल्या भिंतीला चिकटवा, त्याला १०० ग्रॅमचं वजन बांधा आणि पंप मारा. कप सुटून पडतो. त्याला भिंतीशी दाबून धरत होती ती बाहेरची हवा. तीच काढून घेतल्यावर धरणारं कुणी राहिलं नाही, आणि कपाखाली अडकलेल्या थोड्या हवेने त्याला उलट ढकलून दिलं. पोकळी ओढत नाही. पोकळी फक्त विरोध करत नाही. विहिरीच्या काठावरून शोषून घेणारा पंप १०.३ मीटरपेक्षा खोल पाणी चढवू शकत नाही तेही यामुळेच: पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावरची हवा, आणि तिची ताकद तेवढीच. पाण्याऐवजी पारा घेतला तर हा स्तंभ ७६ सेंटीमीटरचा होतो, जो टॉरिचेलीने १६४३-४४ च्या सुमारास दाखवला. पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने, पेरिएने, १६४८ साली पाऱ्याची नळी डोंगरावर नेली तेव्हा वर स्तंभ खाली आला. पोकळी ओढत असती तर तिला डोंगर चढल्याचं काय?

तरी यजमानांचं एक म्हणणं शाबूत राहतं. जोर खरा आहे, फक्त तो बाहेरून येतो. तुमच्या बरणीच्या झाकणाचा व्यास १५ सेंटीमीटर धरला तर हवा काढल्यावर त्यावर सुमारे १६० किलोचा भार असतो. म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ॲक्रिलिकला तडा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर बरणी वापरू नका. ती स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधी पुसू नका, ॲक्रिलिकला अशाच रेषा त्याने पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. ॲक्रिलिकऐवजी काच घ्यायची वेळ आली तर सपाट तळाची पातळ बाटली किंवा शंकूच्या आकाराचा चंबू चालणार नाही. तो आत कोसळतो आणि तुकडे मग चहूकडे उडतात. निर्वातासाठी बनवलेलं जाड भांडंच हवं, वरून जाळी किंवा पारदर्शक चिकटपट्टी, आणि पंप मारणाऱ्याच्या डोळ्यांना चश्मा. उभे राहणारे प्रेक्षक हातभर दूर.

गळतीचं काय? झाकणाच्या रबरी कड्यावर व्हॅक्युम ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा; जास्त लावलं तर कडं सरकतं. एखादा केस कड्याखाली आला तरी काटा घसरत राहतो. तोटी बंद करून पाच मिनिटं काटा पाहा, दर मिनिटाला नोंद करा. दाब दर मिनिटाला सारख्याच प्रमाणात वाढत असेल तर गळती आहे. आधी भरभर वाढून मग वाढ मंदावत असेल तर गळती नाही. आतली ओल, फोम, रबर यांतून वाफ आणि वायू सुटताहेत. बरणी कोरडी करा, फोम काढा. हा फरक मुलाने आलेखावर दाखवला तर पाहणाऱ्याला कळेल की हा मुलगा नुसता पंप मारायला उभा नाही.

ही वाफ मुख्य मुद्द्याशीही जोडलेली आहे. चहाच्या कपाच्या तळाला मावेल एवढं, २०-३० मिलिलिटर, ६० अंशांचं पाणी बरणीत ठेवून पंप मारा. दाब २०० मिलीबारच्या खाली आला की पाणी उकळू लागतं, आणि आतल्या थर्मामीटरवर तापमान उतरताना दिसतं. पण काटा तिथेच घुटमळतो. तुम्ही हवा काढत आहात आणि पाणी ती जागा वाफेने भरत आहे. जागा रिकामी ठेवणं किती अवघड, हे यापेक्षा स्वस्तात कळत नाही. टॉरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीच्या वरच्या रिकाम्या टोकालाही हेच होतं. तिथे पाऱ्याची वाफ असते, अत्यल्प, पण असते. हा प्रयोग शेवटी करा, कारण ओल पंपात शिरली की बाकीच्या प्रयोगांचे आकडे बिघडतात.

मग चांगला पंप लावला तर? दोन टप्प्यांचा रोटरी पंप मिलीबारच्या हजाराव्या भागापर्यंत नेतो. त्यापुढे टर्बोमॉलिक्युलर पंप (अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांचा), पोलादाचं भांडं, तांब्याची सीलं, आणि सगळं भांडं दीडशे-दोनशे अंशांवर दिवसभर किंवा अधिक भाजणं, कारण धातूच्या पृष्ठभागाला धरून बसलेलं पाणी थंडपणे सुटत नाही. इतकं करून मिलीबारचा एक लाख कोटीवा भाग गाठला, तरी एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे २५ हजार रेणू उरतात. पृथ्वीजवळच्या अंतराळात तेवढ्याच जागेत सूर्याकडून आलेले पाच-दहा कण असतात, ताऱ्यांच्या मधल्या प्रदेशात सरासरी एखादा अणू.

समजा तो शेवटचा रेणूही वेचून काढला. भांडं खोलीच्या तापमानाला असेल तर त्याच्या भिंतींमधून निघालेल्या उष्णताकिरणांचे सुमारे ५५ कोटी फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये फिरत राहतात. हवा काढून ते जात नाहीत. भांडं गार करत न्यावं लागतं. थर्मासच्या आतल्या भिंतीला चकचकीत मुलामा असतो तो यांच्याचसाठी. निर्वात हवेचा बंदोबस्त करतो, किरणांचा बंदोबस्त आरशाने करावा लागतो. अंतराळाच्या कोपऱ्यातही विश्वाच्या आरंभीच्या काळातल्या प्रारणाचे ४१० च्या आसपास फोटॉन दर घन सेंटीमीटरमध्ये असतात, २.७ केल्व्हिनचे, म्हणजे सुमारे उणे २७० अंश सेल्सिअसचे.

आणि तेही काढले तर? इथून पुढे उत्तर भौतिकशास्त्राच्या सिद्धांतावर उभं आहे, आणि इथे बरेच लेखक वाहवत जातात. ‘पोकळीत कण क्षणोक्षणी जन्मतात आणि मरतात’ हे वाक्य मुलाला पाठ करू देऊ नका. ती गणित समजावण्याची एक लकब आहे. नीट सांगायचं तर असं: आजच्या भौतिकशास्त्रात मूळ गोष्ट कण नसून क्षेत्र आहे. विद्युतचुंबकीय क्षेत्र, इलेक्ट्रॉनचं क्षेत्र, वगैरे. कण म्हणजे त्या क्षेत्रातली खळबळ. खळबळ शून्यावर आली की जी अवस्था उरते तिला व्हॅक्युम म्हणतात. तळ्यावर एकही लाट नसते तेव्हा तळं नाहीसं होत नाही, तसं. फरक इतकाच की क्वांटम नियमांमुळे हे तळं पूर्ण स्तब्ध होऊ शकत नाही. त्याची सर्वांत खालची ऊर्जाही शून्य नसते. हिग्ज क्षेत्राचं तर मूल्यही शून्य नसतं. रिकाम्या जागेतही ते सगळीकडे सारखं पसरलेलं असतं आणि इलेक्ट्रॉनसारख्या कणांना वस्तुमान मिळतं ते त्यामुळे.

याचा पुरावा म्हणून १९४८ साली कॅसिमिरने वर्तवलेला परिणाम सांगतात: धातूच्या दोन विद्युतभाररहित पट्ट्या निर्वातात अगदी जवळ आणल्या तर त्या एकमेकींकडे खेचल्या जातात. अंतर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असताना हा दाब एका पास्कलच्या (मिलीबारच्या शंभराव्या भागाच्या) सुमारे हजाराव्या भागाएवढा, आणि अंतर निम्मं केलं की सोळापट. १९९७ साली लॅमोरोने तो नीट मोजला. पण परीक्षकांत कुणी जाणकार असेल तर तो विचारेल की हाच परिणाम पट्ट्यांमधल्या विद्युतभारांच्या परस्पर ओढीतूनही काढता येतो, मग पोकळीच्या ऊर्जेचा पुरावा कसा? आक्षेप रास्त आहे. आठवीच्या मुलाने या प्रकरणात शिरूच नये.

त्यापेक्षा साधी आणि भक्कम गोष्ट अशी की रिकाम्या जागेला मोजता येणारे गुण आहेत. प्रकाश तिच्यातून सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. रेडिओलहरींच्या दृष्टीने तिचा रोध सुमारे ३७७ ओहम असतो, आणि अँटेना बनवणारे इंजिनिअर हा आकडा हिशेबात धरतात. ज्याला गुण आहेत त्याला ‘काहीच नाही’ म्हणता येत नाही. म्हणून लगेच ती वस्तू ठरते का? एकोणिसाव्या शतकात असाच तर्क करून सगळ्या जागेत ईथर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारं एक कल्पित माध्यम, भरला होता, आणि त्यातून पृथ्वी पुढे सरकताना लागायला हवा तो वारा १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांना सापडला नाही.

आमचा निकाल विचाराल तर वस्तू ही बरणी. तिच्यातला १०० मिलीबारचा दाब ही बरणीतल्या वायूची अवस्था. भौतिकशास्त्राचा व्हॅक्युम हीही अवस्थाच, क्षेत्रांची. अवस्था खरी असते, मोजता येते, तिच्यावरून चूक-बरोबर ठरतं, पण ती कशाची तरी असते. ‘निर्वाताचा तुकडा’ बरणीतून काढून दुसऱ्या बरणीत ओतता येत नाही. आणि दादा ज्याच्याबद्दल बोलतात ते ‘काहीच नाही’ ही कशाचीच अवस्था नाही, म्हणून त्यावर कुठलाही प्रयोग रचता येत नाही. तेवढ्यापुरतं दादांचं बरोबर आहे. ते फक्त तुमच्या बरणीत नाही.

दादा तरीही ऐकले नाहीत, तर त्यांना दोन गोष्टी द्या. एक, रिकामा संच. त्यात एकही घटक नसतो, पण तो संच मात्र एक आहे, आणि गणितात त्याच्यापासूनच ०, १, २ अशा सगळ्या संख्या बांधून काढता येतात. दोन, सेमीकंडक्टरमधलं (अर्धवाहकातलं) ‘होल’. स्फटिकात जिथे इलेक्ट्रॉन असायला हवा होता आणि नाही, ती जागा. ती सरकते, धन विद्युतभार असल्यासारखी वागते, तिला वस्तुमानही नेमून देता येतं, आणि ट्रान्झिस्टरचं गणित तिला कण समजूनच करतात. स्फटिक वितळवला की इलेक्ट्रॉन राहतात, होल राहत नाही. अभावाच्या त्या दोन खुंट्या इथेही लागतात.

पाटी अशी करा: ‘या बरणीतली सुमारे नव्वद टक्के हवा काढली आहे. प्रकाश, उष्णता आणि चुंबकीय क्षेत्र काढलेलं नाही.’ खाली तीन रकान्यांचा तक्ता: कशाचा अभाव, कुठे, कशाने तपासला. नव्वदचा आकडा छापू नका. जागा मोकळी सोडा आणि त्या दिवशी काट्यावर जे येईल ते पेनाने भरा. परीक्षकांनी ‘मग हे निर्वात नाहीच ना?’ असं विचारलं, तर मुलाने म्हणावं की अंशतः निर्वात आहे, आणि पूर्ण निर्वात कुणाकडेच नाही. निर्वाताची प्रत सांगायची तर ती दाबाच्या आकड्यानेच सांगतात. ‘उरलेली हवा बरणीत कुठे असते?’ हा दुसरा हमखास प्रश्न. तळाशी नाही. ती सगळीकडे सारखी पसरलेली असते, फक्त विरळ.

आदल्या रात्री हवा काढून बरणी तयार ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. रबरी कड्यातून रात्रभरात दाब किती चढला हे सकाळी पाटी लावताना कुणी पाहत नाही. पंप टेबलावरच ठेवा, दर तुकडीसमोर नव्याने हवा काढा, आणि दोन प्रयोगांच्या मध्ये तोटी उघडी ठेवा, म्हणजे कडं दबून चपटं होणार नाही.